पॅसेजमधला प्रेक्षक

त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल शिंप्याच्या सासरी सगळ्यांनी पाहिला होता. शिंपी सोडून. तो तेव्हा पॅसेजमध्ये होता, भिंतीकडे तोंड करून.

यामागे शास्त्र होतं. उपांत्य सामन्यात हा नवा जावई पाणी प्यायला आत गेला आणि आपल्या संघाने गोल केला. तो तोंड पुसत बाहेर आला आणि समोरच्यांनी फेडला. सासऱ्यांनी प्रयोग म्हणून त्याला पुन्हा पाणी प्यायला पाठवलं. आपण जिंकलो. अंतिम सामन्याला मग त्याची खुर्ची आधीपासूनच पॅसेजमध्ये मांडली होती, शेजारी पाण्याचा जग.

आपला संघ अंतिम सामन्यात ना त्याआधी कधी पोचला, ना नंतर. त्यामुळे वीसेक वर्षं त्या घरात जेवणानंतर दुसरा विषय नव्हता. गोलखांबांशी गप्पा मारणारा गोलकीपर, डुलत पळतो म्हणून ‘बदक’ नाव पडलेला खेळाडू, आणि भर उन्हाळ्यात दर सामन्याला तोच लोकरी कोट घालणारा प्रशिक्षक. गोल मात्र सासरेच सांगत. बदकाने म्हणे अर्ध्या मैदानातून असा चेंडू मारला, की समोरच्या गोलकीपरने वाकून वाट दिली. दर वर्षी चेंडू थोडा आणखी मागून सुटे. शिंपी मान डोलवी. न पाहिलेल्या माणसाने आणखी काय करायचं? एकदा तो गोल डोळ्यांनी बघावा, एवढं मात्र त्याच्या मनात होतं.

या रविवारी मेहुण्याने इंटरनेटवर तो सामना शोधून टीव्हीवर लावला. शिंपी सोफ्याच्या कडेला टेकला.

“तुम्ही इथे?” बायकोने विचारलं.

सामना कधीचा संपलाय, निकाल शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, असं मेहुणा समजावत होता, तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिलं. मुळात हा गोल झाला तेव्हा तो पॅसेजमध्येच होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग आपण बरोबरी केली, ती नेमकी तो चहाचा कप आत ठेवायला गेला तेव्हा. परत आला तर कोणी काही बोललं नाही. म्हणजे सगळं बोलून झालं.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “तहान लागली असेल.”

“आज नाही, मामा.”

लग्नानंतरचं हे त्याचं पहिलं उलट उत्तर.

शेवटी बदक रेषेलगत डुलत निघाला. त्याच्या मागे, चित्राच्या कडेला, प्रशिक्षक हात उडवत धावत होता आणि कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबकळत होतं. शिंप्याची नजर तिथे गेली ती गेलीच. घरात एकच आरडाओरडा झाला.

“तुटलं,” शिंपी म्हणाला.

“काय तुटलं?”

“बटण.”

मेहुण्याने कपाळावर हात मारला आणि चित्र मागे नेलं. या खेपेला शिंप्याने बटणाकडे पाठ फिरवल्यासारखी मान वळवून चेंडूच पाहिला. बदक घसरला, चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला आणि वाट चुकल्यासारखा गोलात घरंगळला. समोरचा गोलकीपर वाकला होता खरा, पण बुटाची नाडी बांधायला.

सासरे पंख्याकडे बघत होते.

“मामा,” शिंपी म्हणाला, “तुम्ही सांगता त्याहून भारी.”

सासऱ्यांनी पंख्यावरची नजर काढली आणि सोफ्यावर सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली. बायकोने मागे उशी दिली. इतक्या वर्षांत प्रथमच तो त्या घरात टेकला नव्हता, बसला होता.

टीव्हीवर घड्याळ चालू होतं. थोडा खेळ अजून बाकी होता, आघाडी एकाच गोलाची आणि समोरचे चवताळून चाल करून येत होते. शिंप्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

मग तो उठला, कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि कोणी न सांगता पॅसेजमध्ये जाऊन बसला.