टकाहोची खरी भाकरी

"मावशीआजी, खरं सांग, तुझी टकाहोची भाकरी टकाहोचीच असते, की दुकानातल्या मक्याच्या पिठाची?"

विचारलं एकदाचं! माझ्या ट्रम्पेट वाजवणाऱ्या मैत्रिणी टेसा आणि ब्रिन कुंपणामागे तोंड दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. शाळेच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेटची सोलो मला मिळाली तेव्हापासून म्हणे मी फार शेफारलेय. "एवढी धीट झालीस ना मेरिस, मग युला मावशीआजींना विचारून दाखव!"

युला मावशीआजी म्हणजे माझ्या आईची मावशी. तिला उलट प्रश्न विचारायची टाप वस्तीच्या प्रमुखांचीसुद्धा नाही. दर शरदात आमच्या मेळ्याला, रिचमंड शहरात गेलेली, त्याहून लांब गेलेली आमच्या पाउहातन जमातीची सगळी मंडळी घरी परततात आणि पहिला घास खातात तो तिच्या भाकरीचा. बाबा तर डोळे मिटून म्हणतात, "अहाहा! ही आपल्या नदीच्या चिखलाची चव."

मावशीआजी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मक्याची."

"म्हणजे?"

"म्हणजे मक्याची. पिवळी पिशवी मिळते ना, ती. रंग यावा म्हणून चिमूटभर राख घालते."

कुंपणामागे कुणीतरी धपकन बसलं. बहुतेक ब्रिन.

"अगं पण का?"

"गुडघे गेले म्हणून. टकाहोचा कंद काय फ्रीजमध्ये उगवतो? मांडीभर चिखलात उतरावं लागतं. वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, युला, ही भाकरी ती नव्हे. कुणाला कळलंच नाही! तुझा बाप तर डोळे मिटतो." ती हसली, पण शेंग हातात तशीच राहिली. "यंदा सांगून टाकणार मेळ्यात. टकाहो संपला म्हणून."

मी नदीकडे पाहिलं. काठाचं सगळं खाजण बाणाच्या टोकासारख्या पानांनी गच्च भरलेलं. "संपला कुठे? तो काय समोर उभाय!"

"टकाहो आहे गं. काढणारी संपली."

मला एकदम रागच आला. कुणाचा, ते कळेना. मी म्हणाले, "ओहोटी कधी आहे?"

त्या शनिवारी मी बाबांची होडी काढली. मावशीआजी होडीत उशीवर राणीसारखी बसली आणि मी चिखलात. टेसा, ब्रिन काठावरून फोनवर माझे फोटो काढत होत्या. टकाहो म्हणजे नुसता हट्टी! पान ओढलं की पान हातात येतं, कंद खाली हसत बसतो. मुळाशी हात घालून, बोटांनी चिखल सोडवत, हळूहळू वर घ्यायचा.

"पूर्वी हे सगळं बायकाच करायच्या?" मी धापा टाकत विचारलं.

"सगळं. घर बांधायच्या बायका, चटया विणायच्या बायका, शेत बायकांचं, कंद बायकांचे."

"आणि पुरुष?"

"मासे धरायचे. आणि एवढासा मासा एवढा होता म्हणून हात लांब करून दाखवायचे. ते अजून चालू आहे."

काठावर जाळं दुरुस्त करणारे बाबा ओरडले, "मला ऐकू येतंय हं, मावशी!"

"यावं म्हणूनच बोलतेय!"

पण बाबांना भाकरीचं माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, आधी खरी जमते का बघू.

मावशीआजीच्या परसात खड्डा खणला. कंद, वर ओली पानं, वर माती, वर जाळ. कच्चा टकाहो विषारी. दिवस-रात्र भाजला की मगच त्याचा खाजरेपणा जातो. मावशीआजीने बजावलं होतं, "माझ्या आधी उघडू नकोस." आणि मी काय केलं? रविवारी सकाळी ती चर्चला गेली, वास इतका सुंदर सुटला होता, टेसा म्हणाली "झालाच असेल," आणि मी माती बाजूला केली. एक कंद सोलला. मऊ होता! मी ऐटीत चावा घेतला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग जिभेवर कुणीतरी सुयांची डबी उपडी केली. ओठ, टाळू, घसा, सगळीकडे! मी थुंकत, अंगणभर नाचत, डोळ्यांतून धारा. टेसाने घाबरून बागेचा पाइप माझ्या तोंडात धरला.

मावशीआजी परतली तेव्हा माझे ओठ वांग्यासारखे सुजलेले. तिने आधी माझं तोंड उघडून नीट बघितलं, श्वास बरा चाललाय ना ते विचारलं, आणि मग ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

"कडेचा होता! कडेचे उशिरा भाजतात, शहाणे." हसता हसता तिने डोळे पुसले. "मीही अशीच चावले होते. माझी आईही. आता तू आमच्यातली." मग तिने खड्ड्यातली माती चाळवून कंद चाचपले. खड्डा उघडल्याने जाळ गेला होता, सगळे कंद अर्धे कच्चे. "हे गेले वाया. पुन्हा काढून, भाजून, सुकवून, कुटून मेळ्यापर्यंत करायचं तर येत्या शुक्रवारी संध्याकाळी खड्डा पेटायला हवा, रात्रभर राखायला हवा. पण शुक्रवारी तुझं ते वाजवणं आहे ना? राहू दे. मक्याची करीन, आणि सांगून टाकीन."

माझी सोलो. शुक्रवारी संध्याकाळी, फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, सगळ्या शाळेसमोर. बाबांनी नदीवरच्या प्रत्येक होडीला ओरडून सांगितलेली. मी तिचा हात धरला. तिच्या नखांत माझ्याच खड्ड्याची माती होती.

संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "ह्या ओठांनी कशी गं वाजवणार तू?" आणि बाबा म्हणाले, "शुक्रवारपर्यंत उतरेल सूज. मी सगळ्यांना बोलावलंय!"

मी चमचा खाली ठेवला. सुजलेल्या जिभेवर अजून 'स'चा 'श' होत होता. "शुजलेत म्हणून नाही, पण शुक्रवारी मी वाजवणार नाही. शोलो टेशा वाजवेल, मी तिला शांगितलंय. शुक्रवारी मी खड्डा पेटवणार. मेळ्याची भाकरी यंदापाशून माझी. आणि बाबा, या वर्षी डोळे उघडे ठेवून खा."