अल्सर म्हणून सांगितलंय

“अक्का, थांबा. वर जायच्या आधी एक सांगायचं आहे.”

विनोदकुमारनं जिन्याच्या कठड्यावर हात आडवा ठेवला. खाली त्यांच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांचा गलका होता, बाहेर चिकपेटच्या गल्लीत हातगाड्यांचा. तो आवाज खाली आणून म्हणाला, “आईला अल्सर म्हणून सांगितलंय. ते दुसरं नाव या घरात कुणी काढायचं नाही. सरी? कळलं ना?”

“सरी,” सत्यवती म्हणाली.

हे तिला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकावं लागे. कुठे अल्सर, कुठे साधी गाठ, कुठे अंगात मुरलेला ताप. मोठ्या इस्पितळातली वॉर्डाची नोकरी सोडून ती एका ट्रस्टमध्ये आली होती. डॉक्टरांचे उपाय संपलेल्या रोग्यांच्या घरी ट्रस्ट नर्स पाठवी. दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखमा धुवायच्या आणि रोग्याशी बोलायचं, असं ते काम. बोलायचं कसं याचं प्रशिक्षणही झालं होतं. काय बोलायचं नाही, ते मात्र घरचे लोक जिन्यातच सांगत.

येलहंक्याच्या घरी तिचा नवरा रत्नाकर दार उघडतानाच म्हणे, “रोग्यांचं बाहेर ठेवून ये हं.” मग ती दिवसभराचं सगळं पोटातच ठेवी. लोक तिला शांत म्हणत. ती शांत नव्हती. तिला गिळायची सवय झाली होती, एवढंच.

शारदाबाई खिडकीपाशी उशांना टेकून बसल्या होत्या. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट पाण्यानं फुगलेलं. नजर मात्र अशी, की सत्यवतीनं नकळत पदर नीट केला.

“मराठी आहेस म्हणे?”

“हो. आमचं घराणं इथलंच, जुनं.”

“बरं झालं. कन्नड येतं की मला, पण चिडायला मराठीच लागतं.” त्यांनी गोळ्यांच्या डबीकडे बोट दाखवलं. “या कसल्या?”

“दुखणं कमी करायच्या.”

“अल्सरच्या?”

सत्यवती थर्मामीटर झटकत राहिली.

“मी जन्मभर खाली गल्ल्याशेजारी बसून साड्या विकल्या,” शारदाबाई म्हणाल्या. “घ्यायचं नसलेलं गिऱ्हाईक मला पायरीवरच कळायचं. या घरात आता सगळे तसे झालेत. माझा नवराच बघ. लग्न झाल्यापासून माझ्या एका शब्दाला हो म्हणाला नाही. आमटीत मीठ किती इथपासून भांडण. आता मी काहीही म्हणू दे, मान डोलावतो. परवा म्हटलं, दुकान विकून टाका. तरी ‘बरं शारदा’ म्हणाला. मला भीती वाटली गं.”

सत्यवतीनं त्यांचा हात हातात घेतला. शारदाबाईंनी तो सोडवून घेतला.

रूपश्रीचं नाव निघालं ते काही भेटींनंतर. ही शारदाबाईंची धाकटी मुलगी. बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात कामाला होती. तिथल्याच एका कन्नड मुलाशी तिनं लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. मी जिवंत असेतो या घरात पाऊल टाकू नकोस, असं शारदाबाईंनी तिला भर दुकानात सुनावलं होतं. ती गेली, ती त्यानंतर आली नव्हती.

“तिला ठाऊक आहे तुम्ही आजारी आहात ते?” सत्यवतीनं विचारलं.

“विनोद म्हणतो, फोनवर सांगितलंय. अल्सर.” शारदाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. “अल्सरसाठी ती का येईल? तिला काय हौस आहे पुन्हा शिव्या खायची?”

“तुम्ही बोलवा की.”

“तेच तर!” त्या एकदम तिच्याकडे वळल्या. “हे सगळे म्हणतात, दसऱ्याला तू खाली येऊन दुकानाची पूजा करशील. बरी होणार असेन तर मी का म्हणून वाकू? चूक तिची आहे. तिनं यावं, पाया पडावं. पण मी जाणार असेन तर गोष्ट वेगळी. मग मी वाकीन. मला एवढंच कळायला हवं, सत्यवती. वाकायचं की नाही?”

त्या दिवशी सत्यवती जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. खाली घरचे डॉक्टर गुरुराज आले होते. विनोदकुमार त्यांना कॉफी देत होता. तिनं दोघांना शारदाबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

विनोदकुमारनं आधी दुकानाच्या दिशेनं पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. “रूपश्रीला आणलं की आईला लगेच कळेल अक्का. खचून जाईल.”

“त्या खचलेल्या नाहीत. चिडलेल्या आहेत.”

“सिस्टर,” डॉक्टर गुरुराज कपातली कॉफी संपवत म्हणाले, “तुम्ही गोळ्या आणि पोटाचं बघा. काय सांगायचं ते आम्ही बघू.”

शारदाबाईंचा नवरा, नरसिंगराव, बाजूला जाजमावर बसून एका साडीची घडी घालत होते. घडी चुकली, त्यांनी ती पुन्हा उलगडली.

ट्रस्टच्या कार्यालयातही तेच. “घरचे नाही म्हणाले, तर आपण नाही. उद्या तक्रार झाली तर सगळ्या घरांची दारं बंद होतील,” मुख्य बाई म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं. सत्यवतीला त्याचाही राग आला. बाईचं पोट, बाईचं दुखणं, बाईचं मरण, आणि ठरवणारे सगळे जिन्याखाली कॉफी पीत उभे. सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःच्या तोंडाचा येत होता. खोलीत शिरताना ते आपोआप हसायचं.

श्रावण गेला, गणपती आले. शारदाबाईंना आता घोटभर कांजीही टिकत नव्हती. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्यवतीला खाटेच्या कडेवर बसवून घेतलं.

“सांग. मी मरणार आहे का?”

सत्यवतीच्या ओठांवर प्रशिक्षणातलं वाक्य आलं. “तुम्हाला काय वाटतं?”

“माझाच प्रश्न मला परत देऊ नकोस!” शारदाबाई ओरडल्या, आणि खोकल्यानं वाकल्या. श्वास जागेवर आल्यावर हळू म्हणाल्या, “तू पण त्यांच्यातलीच. जा.”

सत्यवती उठली नाही.

“कॅन्सर आहे,” ती म्हणाली. “जठराचा. यकृतात पसरलाय. तुम्ही बऱ्या होणार नाही, शारदाबाई.”

“दसरा?”

“मला वाटत नाही तोवर राहाल.”

शारदाबाईंनी डोळे मिटले. खालून मीटरपट्टी टेबलावर आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी कापड मोजत होतं. मग त्यांनी उशाचं स्टीलचं पाण्याचं भांडं उचललं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दाराकडे फेकलं. ते जिन्यावरून ठणठणत खाली गेलं.

आधी विनोदकुमार आला, मागून धापा टाकत नरसिंगराव.

“मला लहान पोर समजलात?” शारदाबाईंचा आवाज फाटला होता. “खेळणं दाखवल्यासारखा दसरा दाखवत होता मला? माझं मरण माझ्यापासूनच चोरलंत?”

“आई, कुणी सांगितलं तुला?” विनोदकुमारनं सत्यवतीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. “तुम्ही? अक्का, तुम्हाला काही माणुसकी आहे? निघा. आत्ताच्या आत्ता निघा. तुमच्या ट्रस्टला फोन करतो.”

“ती बसेल!” शारदाबाई गरजल्या. “तू गप्प. तुम्ही बोला हो, तुम्ही! मान डोलावायची नाही!”

नरसिंगराव उंबऱ्यातच उभे होते. एकाएकी ते ओरडले, “काय बोलू? सांगून काय करणार होतो मी? मला सांगता येत नव्हतं, शारदा! तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं!” आणि ते खाली बसले. चष्मा काढला, तो हातातच राहिला.

शारदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “मूर्ख माणूस,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “रूपश्रीला आणा. मी बोलावलंय म्हणून सांगा.”

सत्यवतीनं सामान गोळा केलं. जिन्यात पडलेलं भांडं उचलून कोनाड्यात ठेवलं आणि ती बाहेर पडली. बाहेर ऊन होतं. एका हातगाडीवाल्यानं “बाजूला व्हा अम्मा” म्हटलं तेव्हा ती त्याच्यावर इतकी जोरात ओरडली, की तो गाडी धरून थांबलाच.

तक्रार झाली. चिकपेटच्या घरी दुसरी नर्स जाऊ लागली आणि सत्यवतीला कार्यालयात बसवलं गेलं, पट्ट्या कापायला आणि पाकिटं भरायला. दसऱ्याच्या आधीच शारदाबाई गेल्याचं तिला तिथेच कळलं.

त्यानंतर एका दुपारी एक तरुण बाई तिला शोधत आली. अंगात कारखान्याचा निळा कोट, छातीवर नावाची पट्टी. पाळी सुटताच तशीच निघालेली दिसत होती.

“सत्यवती तुम्हीच का? मी रूपश्री.”

“बसा.”

“बसायला आले नाही.” ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. “अप्पा मला न्यायला आले होते. आयुष्यात कधी एकटे बसनं गेले नाहीत, ते होसूर रस्त्यावरनं विचारत विचारत कारखान्याच्या गेटपर्यंत आले. मी गेले. एक दुपार मिळाली मला, एक. त्यातला अर्धा वेळ आम्ही भांडलो. दुसऱ्या दिवसापासनं आईची शुद्ध गेली. विनोदअण्णाला विचारलं तर म्हणतो, त्या नर्सनं सांगितलं म्हणून आई लवकर गेली. खरं आहे?”

“नाही. त्या तशाही जाणार होत्या.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आधीपासनं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि गप्प बसलात!” रूपश्रीच्या आवाजानं शेजारच्या टेबलावरच्या बायका थांबल्या. “मला एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही? एक फोन? माझे सगळे दिवस तुम्ही सगळ्यांनी मिळून वाटून खाल्लेत!”

ट्रस्टचा नियम होता. घरच्यांनी मनाई केली होती. सत्यवतीनं यातलं काहीही सांगितलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “मी उशीर केला.”

मुख्य बाई आपल्या खोलीतून उठून येऊ लागल्या. सत्यवतीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. रूपश्री अजून उभीच होती.

“शुद्ध नव्हती तेव्हा तिला तहान लागत होती का?” तिनं विचारलं. “ओठ हलत होते तिचे. मी विचारलं, तर सगळे म्हणाले, आता तिला काही कळत नाही. खरं सांगा.”

“तोंड फार कोरडं पडतं तेव्हा. लागली असेल.”

“मी कापूस भिजवून ओठांना लावत होते. तिला कळलं असेल?”

“ते मला माहीत नाही. गारवा लागला असेल, असं वाटतं.”

रूपश्रीनं खुर्ची ओढली आणि ती बसली. कारखान्यात नवं यंत्र समजावून घेताना बसावं तशी, पुढे झुकून, हात मांडीवर घट्ट धरून.

“पहिल्यापासनं सांगा,” ती म्हणाली. “काहीही वगळू नका.”

सत्यवतीनं कात्री बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.