आईची रांग

आईने थोरलीच्या काउंटरकडे पाहिलंही नाही. सामानाची गाडी ढकलत ती सरळ धाकटीपाशी गेली.

थोरलीच्या हातातला साबण बिलाच्या यंत्रापुढून दोनदा फिरला. गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा तिने बिलातला एक रद्द केला.

या नव्या गाड्या दुकानात आल्यापासून तिचं डोकं फिरलं होतं. वस्तू टोपलीत टाकली की गाडीच ती ओळखायची, तिचं वजन करायची, बिल मांडायची. त्यांची देखरेख धाकटीकडे, नवा निळा कोटही धाकटीला. तेही तिने गिळलं असतं. पण आई? शेजारची रांग मोकळी असली तरी आई दर आठवड्याला थोरलीच्याच रांगेत उभी राहायची. लहानपणापासून सगळे लाड धाकटीच्या वाट्याला गेले, एवढं एक थोरलीकडे उरलं होतं.

तेवढ्यात आईच्या गाडीवरचा दिवा लाल झाला. बिलात न आलेलं काहीतरी टोपलीत आहे, असं गाडीचं म्हणणं. थोरलीला मनातून गुदगुल्या झाल्या. हातातलं गिऱ्हाईक आटोपून ती लगोलग तिकडे गेली.

"काय गं, तुझी हुशार गाडी आईलाच चोर ठरवते?"

"थांब ना, ताई." धाकटीने टोपली रिकामी केली, पुन्हा भरली. दिवा लालच.

"माझ्याकडे आली असतीस तर एव्हाना घरी पोचली असतीस," थोरली आईला म्हणाली.

आई ओशाळून हसली. धाकटीची नजर टोपलीच्या काठावर थांबली.

"आई, कोपर काढ बरं."

दिवा हिरवा झाला. आईने कोपर परत टेकलं, पुन्हा लाल.

"गुडघे फार दुखतात गं हल्ली," आई म्हणाली. "हिच्यावर जरा टेकता येतं."

"मग माझ्या रांगेत कशी उभी राहायचीस?" थोरलीने विचारलं.

"तू वाट बघायचीस ना."

थोरली काउंटरवर परतली. इतकी वर्षं ती तिथल्या स्टुलावर बसून आईशी गप्पा मारायची, आई समोर उभी. तिने ते स्टूल उचललं आणि काउंटरच्या पुढे आणून ठेवलं.

"इथे बस," ती आईला म्हणाली. "बिल मीच करणार."

धाकटीने गाडी लोटत आणली आणि एकेक वस्तू काउंटरवर ठेवू लागली. थोरलीने उभ्यानेच हात पुढे केला.

"सावकाश दे," ती म्हणाली. "तिला बसू दे जरा."