आयडेला जित्ती हाय

जुलैचं ऊन असं तापलेलं की केंटकीची ती तांबडी माती भाजून कडक झाली होती. आयडेला प्रुइट कुंपणाचा खांब ठोकत होती. वय बहात्तर, हातात घण. आणि ज्याचं कुरण, तो शेजारी वेंडेल पलीकडं सावलीत उभा राहून मजा बघत होता.

"आगं दमानं! खांब हाय त्यो, साप न्हाई."

"तुजं कुंपन, न् घाम माजा! लाज वाटती का?"

"आता तुजंच व्हनार की. का बँक न्हाई म्हनली?"

आयडेलाचा घण थांबला. बँक न्हाईच म्हणाली होती. वेंडेल बारा एकराचं कुरण विकून लेकीकडं चालला होता. त्या कुरणातल्या झऱ्यावर आयडेलाच्या बावीस गाया जगायच्या. झरा दुसऱ्याच्या हाती गेला, की गाया विकायच्या. वेंडेलनं सप्टेंबर सरेपर्यंत थांबायचा शब्द दिला होता. बँकेतली पोरगी मात्र "तुमचा क्रेडिट रिपोर्ट अडतोय" एवढंच म्हणाली होती.

"मग मागव की रिपोर्ट," वेंडेल म्हणाला. "फुकट मिळतोय."

"फुकट? मला जन्मात दोनच गोष्टी फुकट मिळाल्या. गारपीट, न् तुजा सल्ला."

तरी दुसऱ्या दिवशी ती गावच्या वाचनालयात गेली. तिथल्या टॅबिथानं संगणकावर रिपोर्टाची सरकारमान्य साइट शोधून दिली.

"मिस आयडेला, फुकट म्हणून कार्डाचा नंबर मागणारे लई हायत. खऱ्या ठिकाणी दमडी मागत न्हाईत." तिकडं वयस्क बाईला, लग्न झालेली असली तरी, बोलताना आदरानं 'मिस' म्हणायची रीत.

पण यंत्रानं चार प्रश्न विचारले आणि ओळख पटत नाही म्हणून दार लावून घेतलं. आयडेला भडकली. "पन्नास वर्सं एकाच घरात ऱ्हाते मी! ह्ये कोन मला न वळखनारं?"

"टपालानं मागवू. तेबी फुकटच." टॅबिथानं अर्ज भरून दिला.

पंधरा दिवसांनी लोकांच्या कर्ज-उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन कंपन्यांची तीन पाकिटं आली. ओसरीवर वेंडेलच्या देखत तिनं ती फोडली. दोन ठीक होती. तिसऱ्यात लिहिलं होतं: मयत.

झालं होतं ते असं. त्या मुलखातल्या तिच्या वयाच्या बायका कागदोपत्री सगळीकडं नवऱ्याच्याच नावानं वावरायच्या. चर्चच्या वहीत, दुकानाच्या खात्यावर ती 'मिसेस हार्लन प्रुइट'. दोन वर्षांमागं हार्लन गेला, तेव्हा चारा-बियाणाच्या दुकानातल्या कारकुनानं उधारीचं खातं बंद करताना कंपनीला 'मयत' असं कळवलं, अन् नवऱ्यासंगं बायकोलाही पुरून टाकलं.

वेंडेल पोट धरून हसला. "मेलीस तर सांगायचंस तरी! मयताच्या घरी न्हेत्यात तसा मांसाचा तुकडा घिऊन भेटाया आलो असतो."

"हार्लनच्या थडग्याच्या दगडावर माजंबी नाव कोरलंय. पन त्या दगडवाल्यानं मरनाची तारीख तरी मोकळी ठिवली! ह्या कंपनीला तेवडाबी धीर न्हाई!"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. "जित्त्या मानसाची ही दशा व्हय रं?" वेंडेलचं हसू आटलं.

चूक दुरुस्त करायलाही पैसे पडत नव्हते. तिनं तिथंच पत्र लिहिलं: मी जिवंत आहे, सोबत पुरावे. खाली सही ठोकली. वेंडेलनं पत्र उचललं.

"कोन लिवतंय ह्ये? मिसेस हार्लन? आगं, तिलाच तर त्यांनी मारलीया!"

आयडेला कागदाकडं बघतच राहिली. मग पत्र फाडून तिनं पुन्हा लिहिलं. 'आयडेला' लिहायला वेळ लागला. लग्नानंतर नुसतं आपलं नाव तिनं कुठं लिहिलंच नव्हतं.

अर्धा सप्टेंबर सरला, तेव्हा उत्तर आलं. नोंद दुरुस्त. बँकेनं कर्ज दिलं.

खरेदीच्या दिवशी बँकेतल्या पोरीनं कागदांची चळत पुढं ठेवली. आयडेला खाली मान घालून लिहीत सुटली. आयडेला प्रुइट, आयडेला प्रुइट. एकेक अक्षर ठसठशीत.

वेंडेलनं वाकून बघितलं अन् ओरडला, "आगं ए, थांब! ती विकनाऱ्याची जागा हाय. माज्या सहीची!"

पोरीनं कपाळाला हात लावला. "आता हा कागद नव्यानं छापावा लागेल, मिस आयडेला."

"छाप की गं बाई," आयडेला म्हणाली, "जित्ती हाय मी, मला कुठं घाई हाय?"