दिव्याच्या तेलाचा डबा

सातव्या माळेची सकाळ. जया देवीपुढे बसून समईची काजळी काढत होती, पण मनात दुसरंच तेल घोळत होतं. दर शनिवारी ती गाडीतल्या डब्याची तोटी उघडून ऑइल काढायची, पण घटस्थापनेच्या शनिवारी उघडलीच नव्हती. उद्या परत शनिवार. म्हणजे डब्यात आता तेरा दिवसांचं ऑइल साठलं असणार, आणि रामदासला याचा पत्ता नव्हता.

डबा तिच्याच घरातला. आषाढात गाडीच्या मागून निळा धूर यायला लागला, तेव्हा मेकॅनिकने एका वाक्यात निकाल लावला होता, "इंजिन खोला." इंजिन खोलायचं म्हणजे गाडी महिनाभर उभी. रामदास वारज्यातून रोज ज्या सॉफ्टवेअर कंपनीची पोरं हडपसरला पोचवायचा, ती कंपनी महिनाभर कशाला थांबेल? रामदासचा कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांचं पोट या जुन्या डिझेल गाडीवर होतं.

दोन दिवस तो बॉनेटमध्ये डोकं घालून होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "इंजिनच्या पोटातली वाफ एका नळीने परत हवेच्या पाइपात जाते. तिच्याबरोबर ऑइल जातं आणि जळतं. त्याचा हा धूर. मधे एक डबा बसवला, तर वाफ तिथे निवेल, ऑइल तळाला बसेल, नुसती हवा पुढे जाईल."

"भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं, तसं?"

"तस्संच. आता एक डबा दे. घट्ट झाकणाचा."

जयाने दिव्याच्या तिळाच्या तेलाचा स्टीलचा डबा रिकामा करून दिला. रामदासने रेडिएटरवाल्याकडून त्याला दोन नळ्या डाखून आणल्या, तळाला पाण्याच्या जुन्या फिल्टरची तोटी बसवली, आणि आत भांडी घासायच्या तारेच्या दोन घासण्या कोंबल्या, ऑइल धरून ठेवायला. धूर चार आणे उरला. इंजिनचं म्हातारपण काही गेलं नाही, पण त्याचा खोकला चारचौघांत दिसेनासा झाला.

एवढंच, की दर आठवड्याला डबा रिकामा करायचा. रामदास विसरभोळा, म्हणून जयाने ते काम आपल्या नेमात बसवलं. शनिवारी मारुतीला तेल वाहून आली, की बॉनेट उघडायची, तोटीखाली जुना मग धरायचा. ताकासारखा फेस आधी यायचा आणि मागून काळं ऑइल.

पण नवरात्र बसलं. नऊ दिवस सोवळं, नऊ दिवस अखंड दिवा. दिव्याला एकटं सोडायचं नाही, असल्या काळ्या तेलाला शिवायचं नाही. दसऱ्याला ओतू, एवढ्यात काय होतंय, असं तिने ठरवलं. देवीला हात जोडून तसं सांगितलंही. नवऱ्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

बाहेर गाडी सुरू झाली. जयाचा हात थांबला.

आज दहा वाजता कंपनीच्या फाटकावर सगळ्या गाड्यांची तपासणी होती. धूर दिसला की सोमवारपासून गाडी बंद. म्हणून रामदासने पहाटेच हवेचा फिल्टर काढून, झटकून, कट्ट्यावर ठेवला होता. बॉनेट वर आणि पाइपाचं तोंड उघडंच होतं, आणि तो रेस देत होता. काय धूर जायचा तो इथेच जाऊ दे, अशा हिशोबाने.

वरच्या मजल्यावरचा सौरभ पाठीला बॅग लावून उभा होता. "काका, आज लवकर निघू या ना. साडेनऊला क्लायंट कॉल आहे, आय कान्ट मिस इट."

"पाच मिनिटं रे. घसा साफ करतोय तिचा."

समोरच्या यमुनाबाई वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "रामदास, डासांची फवारणी महापालिका करते. आपण कशाला तसदी घेता?"

रामदास हसला आणि आणखी जोरात रेस दिली.

जया दारापर्यंत आली. सांगायलाच हवं होतं. "अहो, ऐकता का," ती म्हणाली. पण तिचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर कधी गेलेला नव्हता. इंजिनपुढे तो कुठला टिकायला!

चौथ्या रेसला आवाज चढला आणि खाली आलाच नाही.

रामदासने पाय काढला होता, हे तिला स्पष्ट दिसलं. आवाज चढतच गेला. गाडी थरथरायला लागली आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की यमुनाबाईंची गॅलरी दिसेनाशी झाली. रामदासने किल्ली फिरवली. बाहेर काढली. किल्ली त्याच्या हातात, आणि इंजिन किंचाळतंय.

"काका, बंद करा ना!"

"बंदच आहे! स्वतःचं ऑइल पितंय ते!" रामदास ओरडला. "असंच राहिलं तर फुटेल!"

त्याने ब्रेक दाबून चौथा गिअर टाकला, गाडी मारून बंद पाडायला. पण क्लचही इंजिनच्याच वयाचा. जळका वास सुटला आणि गाडीने सौरभच्या दिशेने हातभर उडी घेतली. "बाजूला हो!" रामदासने गिअर काढला. आता त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून तो नुसता बसून राहिला.

तेरा दिवस. डबा काठोकाठ भरला, आणि रेसच्या ओढीने वरचं ऑइल पाइपात गेलं. जयाला आता कोणी समजावून सांगायला नको होतं.

दिवा शांत करताना ती कधी फुंकर मारत नसे. वाटी पालथी घालायची. हवा तुटली, की ज्योत निवते.

ती वळली. ओट्यावर पिठाने माखलेला पोळपाट होता. तो उचलून सोवळ्याच्या साडीनिशी ती अंगणात धावली.

"जया, हात घालू नकोस! ओढून घेईल!"

तिने पोळपाट खालून पायांना धरला आणि सपाट बाजू पाइपाच्या उघड्या तोंडावर टेकवली. टेकवली म्हणण्यापेक्षा इंजिननेच तो तिच्या हातून हिसकला. एक लांब घरघर झाली, गाडीने दोन आचके दिले, आणि सगळं थांबलं.

इतकं शांत झालं, की सौरभच्या मोबाइलची रिंग ऐकू आली. त्याने ती कापली. "काकू," तो म्हणाला, "सॉलिड!" मग घड्याळ बघून रिक्षा शोधायला पळाला.

रामदास उतरला. त्याने तोटीखाली मग धरला. मग भरला, बादली आणावी लागली. "माझीच चूक," तो स्वतःशीच म्हणाला. "घरगुती डब्यावर इंजिन सोपवायला निघालो. काढूनच टाकतो हे लफडं." आणि पक्कड घेऊन क्लिप सैल करायला लागला.

जया काही बोलली नसती, तरी चाललं असतं. त्याने सगळं स्वतःवर घेतलं होतं.

"अहो, डब्याचा दोष नाही," जया म्हणाली. "घट बसल्यापासून मी तोटी उघडली नाही. सोवळं होतं म्हणून."

पक्कड थांबली. "मला का नाही सांगितलंस?"

"देवीला सांगितलं होतं."

"अगं, गाडी देवी चालवते का?"

रामदासने क्लिप पुन्हा आवळली. त्याने पाइप काढून पुसला, इंजिनमध्ये ऑइल भरलं, फिल्टर बसवला, आणि डोळे मिटून किल्ली फिरवली. गाडी खोकली, पांढरं ओकली, मग हळूहळू मूळ सुरावर आली. नऊ वाजून गेले होते. बाकीच्या पोरांना फोनवर कळवून तो एकटाच निघाला.

जया घरात आली. समई विझली होती. दार उघडं राहिलं होतं आणि वात कलंडून तेलात बुडाली होती. तिने नवी वात लावली, दिवा पेटवला आणि हात जोडले. सकाळी दिवा विझला होता, हे लपवायचं नाही, एवढंच तिने मनाशी म्हटलं.

साडेअकराला फोन आला. रामदासचाच.

"सोडली गाडी. तपासणाऱ्याने विचारलं, हा डबा कोणत्या कंपनीचा?"

"मग?"

"म्हटलं, घरचा आहे. दर शनिवारी रिकामा होतो." मग त्याने हळूच विचारलं, "होतो ना?"

दुसऱ्या दिवशी, आठव्या माळेच्या सकाळी, जयाने सौरभच्या आईला पाच मिनिटं दिव्यापाशी बसवलं. बॉनेट उघडून तोटीखाली मग धरला. बोटं काळी झाली. घरात येऊन तिने पुन्हा डोक्यावरून आंघोळ केली.

"आज दोनदा आंघोळ?" यमुनाबाईंनी वरून विचारलं. "नवीन व्रत काढलंत वाटतं."

"हो," जया नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, आणि ओले केस पुसत दिव्यापाशी जाऊन बसली.