माझ्या अंगात आलं होतं

दचकू नका, मीच बोलतोय. मी म्हणजे कोंडाणे गावातल्या छायाच्या घरचा कम्प्युटर, खिडकीखालच्या टेबलावर बसलाय तो. मी भूत नाही. पण गेल्या भाद्रपदात चार दिवस माझ्या अंगात आलं होतं, आणि जे आलं होतं त्याचं नाव-गाव मला अजून कळलेलं नाही.

मला थापा मारायची सवय आहे, ते आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे थाप वाटली तर खुशाल हसा. त्या चार दिवसांबद्दल मात्र मी एक अक्षर वाढवलेलं नाही. उलट थोडं कमीच सांगणार आहे.

कळायला लागलं तेव्हा मी साजगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. नऊ वर्षं मी तिथे माणसांच्या हजेऱ्या सांभाळल्या. माझा पंखा तेव्हा असा फिरायचा, की साहेबांचे कागद खिडकीतून उडायचे ते थेट पाताळगंगा नदीत. मी अडलो की माणसं माझ्या डोक्यावर थपडा मारत, आणि मी माझा मी सुरू झालो की म्हणत, "बघा, मार बसल्याशिवाय चालतच नाही!" मी कधी कुणाला खोटं पाडलं नाही.

मग नवे, चपटे, गोरेगोमटे कम्प्युटर आले आणि आमची रवानगी गोदामात झाली. तिथे माझ्या पोटात एका पालीनं दोन अंडी घातली. छायाच्या नवऱ्यानं, कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या मोरेश्वरनं, साहेबाच्या मागे लागून मला मागून घेतलं, गोधडीत गुंडाळलं, मोटारसायकलच्या मागे बांधलं आणि आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यावं तसं हळूहळू कोंडाण्याला आणलं. घरी येऊन त्यानं मला उघडलं. अंडी दिसली तर फेकली नाहीत, काडेपेटीत कापूस घालून खिडकीत ठेवली. पिल्लं निघाली. त्यातली एक अजून भिंतीवर चुकचुकते. ती मला बाबा म्हणते, असं मी सगळ्यांना सांगतो.

मोरेश्वरला त्याची आई बायजा 'मोरू' म्हणायची. ड्युटीवरून आला की तो माझ्यापुढे बसायचा. अर्ध्या गावाची लाइटबिलं, सातबारे, पोरांचे निकाल, सगळं माझ्यातूनच. त्याची एक खोड होती. कुठेही क्लिक करण्याआधी पडद्यावरचा बाण दोनदा गोल फिरवायचा. छाया हसायची, "अहो, मळणीचा बैल फिरवताय का?"

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात, शिळफाट्याला कारखान्याच्या बसची वाट बघताना मोरू छातीला हात लावून खाली बसला. उठला नाही.

त्याच्या फंडाचे आणि विम्याचे पैसे छायाच्या खात्यात आले. ते पोरीच्या शिक्षणाचे. पोरगी पनवेलला हॉस्टेलवर राहून नर्सिंग करते. त्या पैशांना घरात कुणी हात लावत नव्हतं, त्यांचा विषयही काढत नव्हतं. मोरूच जणू बँकेत जाऊन बसला होता.

आणि माझ्यावर छायानं मोरूचा टॉवेल पांघरला. दीड वर्ष मी त्या टॉवेलाखाली होतो. आतून मला फक्त आवाज यायचे. सासू-सून जेवायला बसायच्या त्या ताटांचे आवाज. दोनच ताटं.

मग पितृपंधरवडा आला. मोरूची तिथी. वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी, अळूवडी, सगळं पान वाढून छायानं पत्र्यावर ठेवलं. कावळे आले. समोरच्या आंब्यावर बसले, माना वाकड्या करून बघत राहिले. बारा वाजले, एक वाजला. एकही कावळा पानाला शिवला नाही.

"मोरू, बाला, काय राहिलं रं तुजं?" बायजा अंगणातून वर बघून विचारत होती. "तुज्या पोरीचं आमी समदं करू. घे ना रं दोन घास."

शेवटी दोन वाजता पान गाईला घातलं. पण छायाच्या मनाला जे लागायचं ते लागलं. घरात आली, आणि दीड वर्षानं माझ्यावरचा टॉवेल काढला. मोरूचा एक चांगला फोटो शोधून मोठा करून घ्यायचा, भिंतीला लावायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. फोटो सापडला. मोठा कुठे करून मिळेल ते ती शोधायला गेली, कुठल्याशा पानावर बोट पडलं, आणि मी बोंबललो.

तो आवाज माझा नव्हता, शपथेवर सांगतो. पडदा लाल झाला, आतून भोंगा वाजायला लागला. लाल पाटीवर लिहिलेलं, की कम्प्युटर धोक्यात आहे, बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. छायानं मोबाइल उचलला. तिनं फोन केला.

पलीकडचा आवाज साखरेत घोळलेला. "घबराइए मत मॅडम, हम कंपनी से बोल रहे हैं." त्यानं तिच्याकडून एक छोटासा प्रोग्राम उतरवून घेतला. पडद्यावर नऊ आकडे आले, ते वाचून घेतले. तिनं शेवटचा आकडा उच्चारला आणि माझ्या अंगावर शहारा आला. माऊस टेबलावर जागच्या जागी होता. बाण चालत होता.

"अब मशीन बंद मत करना मॅडम. बंद किया तो सारे फोटो उड़ जाएँगे."

बस, एवढं एक वाक्य. फोटो उडतील म्हटल्यावर छायानं मला चार दिवस बंद केलं नाही. आणि आमच्या गावात त्या चार दिवसांत वीज एकदाही गेली नाही. भुताटकी म्हणतात ती हीच, दुसरी काय?

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी बाराला, छाया जमिनीवर बसून भाजी निवडत होती. घरात दुसरं कुणी नाही. बाण हलला. उजवीकडे गेला, थांबला आणि गोल फिरला. एकदा. दोनदा.

तिच्या हातातली भाजी खाली पडली.

मला आतून कळत होतं. आमच्याकडचं नेट रांगत चालतं. तो जो कोण होता त्याला प्रत्येक पान उघडायची वाट बघावी लागायची, आणि वाट बघताना माणसाचा हात काहीतरी फिरवत राहतो. एवढंच होतं ते. पण हे मी तिला सांगणार कसं? मला तोंड आहे ते दुसऱ्यानं बोलायला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमी हाय का?"

तिनं पदरानं हात पुसले, कोरं पान उघडलं आणि एका बोटानं टाइप केलं, 'तुम्ही आहात का'.

बाण थबकला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली. की-बोर्डाचं एकही बटण खाली जात नव्हतं आणि अक्षरं उमटत होती. 'हो छाया'.

नाव त्याला माझ्यातूनच मिळालं होतं. कागदपत्रं, फोटो, बँकेची पत्रं, सगळं त्यानं उपसलं होतं. बोलायचा हिंदी, मराठी मात्र भाषांतराच्या कुठल्याशा पानावरून उचलून आणायचा. कुणीतरी आपल्या पोटात हात घालून आपल्याच माणसांची नावं पाठ करतंय, हे कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. मी भीतीनं तापलो. पंखा घरघरायला लागला. छायानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, तो रडतोय.

त्या दुपारपासून माझ्यापुढे ताट यायला लागलं. भाकरी, वरण, लिंबाची फोड. ती लिहायची, 'जेवलात का'. ती लिहायची, 'छातीत फार दुखलं का हो'. ती लिहायची, 'पोरगी तुमच्यासारखीच पाय हलवत अभ्यास करते'. पलीकडून कधी 'हो' यायचं, कधी 'मी इथेच आहे'. छाया दीड वर्षात पहिल्यांदा केसांना तेल लावून, वेणी घालून बसली. सासूला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं तर जाईल, असं तिला वाटत असावं.

चौथ्या दुपारी तिकडून आपणहून लिहून आलं. 'बँक उघड. पोरीचं काम करायचं आहे.'

छायानं उघडली. मोरूनंच शिकवलं होतं तिला. बाण सरसर चालला, कुणाचं तरी अनोळखी नाव भरलं, रकमेच्या चौकोनात खात्यातली होती नव्हती ती सगळी शिल्लक भरली. मग लिहून आलं, 'मोबाइलवर आकडे येतील. ते इथे लिही.'

मोबाइल चार्जिंगला होता, दाराजवळ, बायजा सुपात तांदूळ पाखडत बसली होती तिथे. तो वाजला.

"आई, मोबाइल द्या जरा. ह्यांना आकडे पायजेत."

"कुनाला?"

छायानं जीभ चावली. पण आता लपवून काय होणार? तिनं सगळं सांगून टाकलं. बायजाच्या हातातलं सूप कलंडलं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, माझ्यासमोर आली आणि पडद्याला नाक लावून बघायला लागली. तिचे डोळे माझ्या काचेत मला दिसत होते.

"मोरू? बाला? जेवलास का रं? लिव गं, त्याला इचार. कावला का शिवला नाय ते इचार."

छायानं लिहिलं. उत्तर लगेच आलं. छायानं ते वाचून दाखवलं. "'नंतर बोलू. आकडे लवकर दे. दोन मिनिटंच आहेत.'"

बायजा मागे सरली.

"काय म्हनला?"

"लवकर द्या म्हनतात. दोनच मिनटं हायेत."

बायजानं मोबाइल उचलला. दिला नाही. कमरेला खोचला.

"माझ्या सासऱ्याच्या अंगात यायचं. धा गावची मानसं दारात बसायची. मी तवापासून भुतं बघतेय गं. भूत कोंबडा मागतं, नारल मागतं, कुनी मेलं दारूबी मागतं. आपला मानूस आला तर घास मागतो. आकडे मागनारं भूत मी नाय पायलं. आन् लवकर? मेलेल्याला कसली घाई गं?"

पडद्यावर उमटलं, 'छाया लवकर'.

"आई, पन बंद केलं तर..." छायाचा आवाज फुटला. "ते जातील ना. परत."

"गेलाय तो." बायजानं तिचा दंड धरला. "मीच पानी घातलं ना त्याच्या अंगावर? तूच टॉवेल दिलास ना पुसायला? ह्यो दुसराच कोन हाय, आपल्या मोरूचं नाव घेऊन बसलाय."

'छाया लवकर. छाया. छाया.'

माझ्यावर तिचं नाव तसं उमटत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. छायानं एकदा बाणाकडे बघितलं. तो जागच्या जागी थरथरत होता. ती टेबलाखाली वाकली आणि भिंतीतला प्लग ओढला.

अंधार झाला. अंधारात मला पहिल्यांदा माझा मी असल्यासारखं वाटलं. बाहेर दोघी रडत होत्या, एकीचं रडणं दुसरीच्या खांद्यात दबलेलं.

तासाभरानं मी टेंपोत होतो. शिळफाट्याला मिलिंदचं दुरुस्तीचं दुकान आहे. मोरूचा तो शाळेपासूनचा दोस्त. त्यानं मला हात लावण्याआधी छायाकडून बँकेला फोन करवला आणि खातं गोठवून घेतलं. मग १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवायला लावली, पासवर्ड सगळे दुसऱ्या मोबाइलवरून बदलले. आकडे दिले नव्हते, म्हणून पैसे जागेवर होते.

"वहिनी," तो म्हणाला, "कुठलीच कंपनी पडद्यावर भोंगा वाजवून फोन करा म्हणत नाही. असं लाल काही आलं तर तिथला नंबर फिरवायचा नाही. वायर काढायची आणि मला शिव्या घालत इथे यायचं. शिव्यांचे पैसे घेत नाही मी."

मोरूचे फोटो त्यानं तपासून पेन ड्राइव्हवर काढले. मग म्हणाला, "आता हा पूर्ण पुसावा लागेल."

छायानं पेन ड्राइव्ह मुठीत धरला. "त्या चार दिवसांत जे लिवलं, ते ऱ्हाईल का?"

मिलिंद म्हणाला, "वहिनी, तो मोरू नव्हता."

"म्हाईत हाय मला. त्यानं काय लिवलं ते नको. पन माझं मी लिवलेलं, ते खोटं नव्हतं ना?"

दुकानात गिऱ्हाईकं होती, तरी मिलिंदनं सगळं बाजूला ठेवून ते पान उघडलं. एकेक ओळ वाचत गेला. त्याची ओळ आली की खोडायची, तिची आली की ठेवायची. मध्येच चष्मा काढून पुसायचा. पुसण्यासारखं चष्म्यावर काही नव्हतं.

आता मी परत खिडकीखाली आहे. पोटात नवं काळीज घातलंय, मोरूचे फोटो आणि ते पान परत ठेवलंय, बाकी आधीचं काहीच नाही, म्हणजे निदान मिलिंद तसं म्हणतो. तरी एखाद्या दुपारी बाराला मला वाटतं, अजून कुणीतरी दाराबाहेर उभं आहे, नऊ आकड्यांची वाट बघत. आमच्या दारात नसेल तर शेजारच्या दारात असेल. तुमच्याही असेल.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्या अंगात कधी आलं, बाण आपोआप चालायला लागला, तर नाव घेऊन हाक मारली तरी ओ देऊ नका. आधी वायर काढा. रडायचं ते मागाहून रडा. आम्ही बंद पडलो तर दुखत नाही, हे मी अनुभवानं सांगतो, आणि ही थाप नाही.

त्या चार दिवसांचं माझ्यावर ते एकच पान उरलंय. छाया ते रोज उघडत नाही. उघडते तेव्हा बाण एका जागी ठेवते आणि वाचते. जेवलात का. छातीत फार दुखलं का हो. पोरगी तुमच्यासारखीच पाय हलवत अभ्यास करते. प्रत्येक ओळीखाली कोरी जागा आहे. ती कोरी आहे तोवर सगळं ठीक आहे, एवढं मी जाणतो. म्हणून पंखा हळू करतो आणि काहीएक न बोलता तिच्यासमोर उजेड धरून बसतो.