झाडूची उंची

दोरा तीन बोटं आखूड पडला आणि बालवाडीच्या दारातली गर्दी एकदम मागं सरकली.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते. वस्तीत नुकत्याच आलेल्या महाराजांनी माझ्या चार वर्षांच्या नातीला टाचेपासून डोक्यापर्यंत सुती दोऱ्यानं मापलं, दोरा तोडला, तांब्यातल्या पाण्यात बुडवून काहीतरी पुटपुटले, फडक्यानं टिपला आणि पुन्हा तिच्या अंगाला लावला. टाचेपासून निघालेला दोरा कपाळावरच संपला.

"ही भिंत पोरांना पितेय!" महाराजांनी आत बोट दाखवलं. तिथं बालवाडीच्या बाई दर महिन्याला मुलांची उंची मोजून पेन्सिलीनं रेघ मारत. "एक रेघ म्हणजे एक घोट. खोली मोकळी करा, मी इथं बसून बंदोबस्त करतो. ज्यांनी पोरं इथून काढली, त्यांचे दोरे पुरे भरले की नाही?"

"भरले, महाराज!"

"हिला सात दिवस अंधारात ठेवा. नुसतं पाणी. अन्न दिलं की ते भिंतीला पोचतं."

"अहो, तुम्ही सगळे कामावर गेलात की ही लेकरं राहणार कुठं?" बाई एकट्याच बोलल्या.

"जिवंत तर राहतील!" माझी सून किंचाळली आणि पोरीला उचलून घरी पळाली.

मी याच बालवाडीत मदतनीस. झाडायचं, मुलांना वाढायचं, नाकं पुसायची. रोजचा जप झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही. देवाचं नाव घेऊन कुणी बोललं की माझी मान आपोआप खाली जाते. तेव्हाही गेली. दुसऱ्या दिवशी बावीसांतली तीनच मुलं आली.

तिसऱ्या दिवशी सून कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला गेली होती. बंद दाराआडून आवाज आला, "आजी, मी किती उरले?"

माझ्या हातातली माळ गळून पडली.

दार उघडलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला दूध पाजलं. प्रत्येक घोटाला वाटत होतं, हे भिंतीच्या पोटात जातंय. तरी पाजलं आणि कडेवर घेऊन बालवाडी गाठली.

बाईंनी तिला भिंतीशी उभं केलं. गेल्या महिन्याची रेघ तिच्या डोक्याच्या किंचित खाली राहिली.

"पोरगी वाढलीये, आजी. मग आखूड कोण झालं?"

"...दोरा?"

बाईंनी दुकानातून पुड्या बांधायचा कोरा दोरा आणला. आम्ही दांड्याचा झाडू मापला, दोरा भिजवला, टिपला. पुन्हा लावला तर तीन बोटं कमी!

"पिळाचा सुती दोरा भिजला की फुगतो आणि लांबीला आटतो," बाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज बालवाडीच्या दारात गर्दी जमवून बसले होते. मी नातीला कडेवर आणि झाडू हातात घेऊन पुढं गेले.

"महाराज, याला मापता का?"

"म्हातारे, चेष्टा करतेस? शाप लागेल!" पण लोक बघत होते. त्यांचा हात पिशवीत दुसऱ्या रिळाकडे गेला.

"तो नको. माझ्या नातीला लावलात तोच."

मापला. भिजवला. झाडू तीन बोटं 'खंगला'.

"झाडूलापण भिंत पिते?" कडेवरची नात म्हणाली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

गर्दीत उभ्या सुनेनं झडप घालून पिशवीतलं दुसरं रीळ काढलं, नखानं ओरबाडलं. "नायलॉन! हा कितीही धुवा, आटत नाही. पोरं काढली त्यांना हा लावत होता!" मग ती मटकन खाली बसली. "रोज आटलेले कपडे बघते मी. आणि माझ्या लेकराला उपाशी ठेवलं..."

महाराजांनी तांब्याही उचलला नाही, तसेच पळाले.

माझा जप आजही चुकत नाही. पण पोर उपाशी ठेवा असं सांगणारा देव मला ठाऊक नाही. तुमच्या दारी कुणी लेकराला मापायला आला, तर घाबरा हवं तर, मीही घाबरले होते. पण आधी त्याला झाडू मापायला सांगा.

एकोणीस मुलं परत आली. पुढच्या महिन्यात बाईंनी रेघ मारली, तेव्हा नात मान वळवून विचारत होती, "आजी, मी किती झाले?"